फियाटवरचा मांडव

विमला : पत्रा चांगला, हे सकाळपासून तिसऱ्यांदा झालं, दिलदार. तुला कापड लावायला बोलावलंय की पत्र्याची वकिली करायला?

दिलदार : वकिली न्हवं, वैनीसाब. पर उद्या मला बोल लावशिला. कापड ते कापड. उन्हाळा काढंल. वळवाची एखादी सर आली तर ती बी सोसंल. पर आषाढात हितला पाऊस लागला की ह्याच्या पोटात पानी साठतंय बगा, म्हशीच्या कासंगत. मग खालनं काठीनं ढुसण्या देत बसा.

विमला : देईन.

दिलदार : आनि दोन वर्सांत इरतंय.

विमला : मग दोन वर्षांनी दुसरं शिव. तुझंही पोट आहेच की.

दिलदार : ते खरं. पर तिकडं बगा तरी, भिंतीच्या पल्याड. तुमच्या दिरांनी, नरसूअण्णांनी, पत्रे आणून टाकल्यात, अँगल आणल्यात, शटर सुदीक. त्यांच्याच कारखान्यातला माल, एक नंबर. तुमच्या गाडीला फुकटात घर मिळालंय, आनि तुमी तिला चादर पांघराय निघालाय.

विमला : घर म्हणतोस? शेड कुणाच्या अंगणात?

दिलदार : अण्णांच्या.

विमला : कुलूप कुणाचं?

दिलदार : अण्णांचंच असनार.

विमला : आणि किल्ली?

दिलदार : ती बी... अण्णांकडंच म्हना.

विमला : मग गाडी कुणाची राहिली?

दिलदार : तुमची की. त्र्यंबकदादांची, म्हंजे तुमचीच.

विमला : एवढं तुला कळतंय, तुझ्या अण्णांना कळत नाही. काल संध्याकाळी अंबू भिंतीवरून सांगून गेली. तिच्या बापानं हातकणंगल्याच्या व्याह्यांना शब्द दिलाय, पोरीबरोबर फियाट पाठवतो म्हणून. कुणाची फियाट? माझी. मला कुणी विचारलं? कुणी नाही. म्हणून हे शेड. लग्न लागेपर्यंत गाडी आत आणि शटर खाली. वरातीच्या दिवशी शटर वर, गाडी हातकणंगल्याला, आणि मी खिडकीतून टाटा करायचा.

दिलदार : या अल्ला! मला ह्यातलं कायबी ठावं न्हाई, वैनीसाब. मी अंबूच्या मांडवाचं काम घेतलंय अण्णांचं, तेवढंच.

विमला : घे की. अंबूचा मांडव झोकात घाल. पोरीवर माझा राग नाही. पण आधी माझं कापड ताण. माझ्या अंगणात, माझ्या गाडीवर, आजच्या आज.

दिलदार : तानतो. पर एक इचारू? राग नका मानू. दादा गेले. पेट्रोल असं महागलंय. आता गाडी लागतीया तरी कशाला तुमास्नी?

विमला : तूसुद्धा? बरं, एक कर. चटणीचे दोन डबे देते, एसटीत चढून दाखव. कंडक्टर म्हणतो, मावशी, डबा टपावर. टपावर ठेवला तर मुरगूड येईपर्यंत झाकण एकीकडं, चटणी एकीकडं. मांडीवर ठेवला तर सगळी गाडी शिंकते. एकदा एक पाटील हातकणंगल्यापर्यंत डोळे पुसत गेला. स्टँडवर उतरल्यावर लोक त्याला धरून विचारायला लागले, कोण गेलं हो?

दिलदार : खरं?

विमला : तो बिचारा म्हणतोय, कोण नाही, चटणी. लोकांना वाटलं दुःखानं भ्रमलाय. म्हणून सांगते, मुरगूडच्या खानावळी आणि हातकणंगल्याचं स्टेशनासमोरचं हॉटेल, ह्यांच्यावर माझी चूल पेटते. आणि ते डबे फियाटच्या डिकीतून जातात. डिकी गेली की चूल गेली. मग सकाळ-संध्याकाळ भावजींच्या दारात ताट घेऊन उभी राहू का?

दिलदार : तसं नगं. पर तुमी सोता चालवत जाता न्हवं, तवा लोक वळून वळून बगत्यात.

विमला : बघू देत. मान त्यांची दुखेल.

दिलदार : म्हंजे कापडच.

विमला : कापडच. आणि दुसरंही एक आहे. पत्र्याच्या आत वस्तू गेली की लोक चार दिवसांत विसरतात. ह्यांचा तो राखी कोट आठवतो? लोकरीचा? भावजी म्हणाले, वैनी, तुमच्याकडं कसर लागेल, माझ्या कपाटात जपून ठेवतो. जपला की. पुढच्या लग्नसराईत भावजींच्या अंगावर दिसला. बाही जरा आखूड होत होती, पण जपलेला होता. तेव्हापासून मला जपणाऱ्या माणसांची भीती वाटते. कापडाखाली गाडी चारी बाजूंनी दिसेल. येणारा-जाणारा बघेल, विमलाबाईंची गाडी आहे आणि जागेवर आहे.

दिलदार : मग असं तानतो बगा. ह्यो भिंतीकडचा कोपरा वर आनि त्यो तुळशीकडचा खाली. समद्या बाजूंनी सारखं तानलं की पानी मदी साठतंय. एक कोपरा वाकवला की पानी आपल्या वाटंनं जातंय. स्टुडिओत ह्येच तर करायचो.

विमला : स्टुडिओत गाड्या झाकायचास?

दिलदार : न्हाई वो. ऊन चाळायचो.

विमला : काय चाळायचास?

दिलदार : ऊन. भाईर शूटिंग असलं की हिरॉइनीच्या तोंडावर कडक ऊन पडाय नगं. मग वर पांढरं कापड तानायचं. ऊन वरनं येतंय कडक, खाली पडतंय मऊ. डायरेक्टर वरडायचा, दिलदार, अजून चाळ! स्टुडिओ बंद पडला, मग मांडवात आलो. तितं समदं झालरीचं काम. झालर लावू हिला? तांबडी हाय माझ्याकडं.

विमला : झालर नको. पण फियाटला हिरॉइन समजलास तर चालेल.

दिलदार : हिरॉइनीचं नाक जरा चेपलंय.

विमला : ते उचगावच्या फाटकानं चेपलं. मी नवीन शिकत होते, हे शेजारी बसले होते. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. खाली उतरले, फाटकाजवळ गेले आणि फाटकाला विचारलं, काय रे, फार लागलं का? मग परत येऊन बसले आणि म्हणाले, चला, रिव्हर्स घ्या. नाक तेव्हापासून तसंच ठेवलंय. ठोकून सरळ करायचं नाही.

दिलदार : न्हाई करत. मी कापडवाला. चला, दोरी वडतो आता. चार खांब झाले, झ्याक झालं.

विमला : तीन वाकडे आणि हा भिंतीकडचा एकच सरळ. हा कुठून आणलास? चांगला तासलेला दिसतो... थांब. ह्याला हळद कुणी लावली?

दिलदार : भटजींनी.

विमला : कुठल्या भटजींनी?

दिलदार : सकाळी अण्णांकडं आलते की. मेढीची पूजा केली न्हवं अंबूच्या लग्नाची.

विमला : आणि वर हा आंब्याचा डहाळा. पिवळ्या फडक्यात सुपारी. दिलदार, ही मुहूर्तमेढ आहे.

दिलदार : व्हय. तीच.

विमला : व्हय काय? अंबूच्या मांडवाचा पहिला खांब तू माझ्या गाडीला लावलास?

दिलदार : एका खांबात दोन कामं झाली.

विमला : अरे माणसा, तू केलंस तरी काय?

दिलदार : मुहूर्त साधला! तुमी ऐका तर. खांब ह्या भिंतीवर आडवा ठेवून पूजा झाली. अण्णा, अण्णांची मंडळी, चार सवाशिनी. भटजी म्हणले, दिलदार, वेळ टळायच्या आत रोव, आमी जरा आत बसतो. आत उप्पीट हुतं. गेले समदे. मी खांब उचलून बगतोय, तर मेढीच्या जागंवर अण्णांचे पत्रे! तुमच्या गाडीच्या शेडचे. ते हलवाय चार गडी पायजेत. हिकडं मुहूर्त निघून चाललाय. मग बगितलं तर तुमच्यात ह्यो चौथा खड्डा खणून तयार. म्हटलं, दोन भावांचं घर, अंगण एकच. मांडव हितनं सुरू करू आनि तिकडं नेऊ. रोवला.

विमला : अंगण एकच, तर मध्ये ही भिंत कशाला बांधली असेल?

दिलदार : मला वाटलं, बसाय.

विमला : बसायला! देवा रे.

दिलदार : हसालाय का तुमी? वैनीसाब, डोळ्यांत पानी आलं तुमच्या.

विमला : चटणीचं असेल. सकाळी तिकडं सवाष्णी जमल्या, तेव्हा मी आत चटणी कुटत होते. मला कुणी हाक मारली नाही. मारणारच नव्हते, माझ्यासारखीला मेढीजवळ कोण उभं करतंय. मी आपलं उखळात जरा जोरानं कुटलं. त्यांच्या मंत्रांना तेवढाच ताल. आणि बघ, मला बोलावलं नाही तर मेढच भिंत उतरून आली.

दिलदार : उपटू काय? अण्णांना दिसायच्या आत तिकडं नेतो.

विमला : उपटता येते?

दिलदार : न्हाई! जीभ झडली माझी. रोवलेली मेढ लगीन लागूस्तर कुनी हलवत न्हाई. आमच्या बापानं सांगितलंय, मांडव पडू दे, आपन पडू, पर मेढीला हात लावायचा न्हाई. मुसलमानाचा असलो तरी धंदा ह्योच हाय की माझा. वैनीसाब, आता वो?

विमला : आता काय? दोरी ओढ. कापड वर जाऊ दे.

नृसिंह : (मधल्या भिंतीपलीकडून) ए दिलदार! कुठं उलथलास? भटजी निघाल्यात, जाताना मेढंवर अक्षता टाकायच्यात त्यास्नी. पत्र्याच्या मागं रोवलीस व्हय? दिसंना झालीया.

दिलदार : हाय की, अण्णा. जवळच हाय.

नृसिंह : आनि ह्यो काय अवतार? वैनी, गाडीवर धोतार वाळत घातलंय काय तुमी?

विमला : धोतर नाही, भावजी. कनातीचं कापड आहे. गाडीला सावली करतेय.

नृसिंह : सावली? मी हितं बावीस गेजाचा पत्रा आणून टाकलाय! अँगल आणलाय, शटर आणलंय. उद्यमनगरात लोक पैसे देऊन रांग लावत्यात माझ्या शेडसाठी. आनि माझ्याच घरात हे पाल ठोकलंय! जत्रंतला पाळनेवाला बी असं करत न्हाई.

विमला : तुमच्या पत्र्याला मी नाव ठेवत नाही. पत्रा कापडापेक्षा चांगला. गारांना चांगला, पावसाला चांगला. गाडीला विचारलंत तर तीही पत्राच म्हणेल.

नृसिंह : मग?

विमला : मला नको.

नृसिंह : हे काय बोलणं झालं? चोर आला म्हंजे?

विमला : चोर बाहेरचा आला तर मी ओरडेन. घरातल्यासाठी कापड बरं, सगळं दिसतं.

नृसिंह : कुनाला बोलालाय तुमी हे?

विमला : अंबू बोलली मला काल. हातकणंगल्याला काय शब्द दिलाय तुम्ही?

नृसिंह : ती भवानी! तिच्या पोटात म्हनून काय ऱ्हाईल तर शपथ.

विमला : तिच्या पोटात राहिलं नाही म्हणून माझ्या दारात गाडी राहिली. सांगा की. दिलात शब्द?

नृसिंह : दिला. दिला, व्हय, दिला! त्यात चोरी हाय काय? माझ्या सख्ख्या भावाची गाडी. आज त्यो असता तर सोताच्या हातानं हार घालून अंबूला दिली असती.

विमला : असते तर त्यांनी दिली असती की नाही, ते त्यांना विचारता आलं असतं. मी आहे ना अजून? मला विचारायचं होतं.

नृसिंह : घरातल्या घरात इचारायचं काय? पुतनी तुमची न्हाई व्हय? का परकी?

विमला : पुतणी माझी. गाडीही माझी. एक दिली म्हणजे दुसरी जात नाही.

नृसिंह : तुमचं-माझं कुठनं काढलंत, वैनी? आमी दोघं भाऊ एका ताटात जेवलोय. घर एकच हाय हे. त्र्यंबकचं आनि माझं असं कवा केलंच न्हाई मी. ही भिंत तर काय, नावाला!

विमला : म्हणजे घर एकच.

नृसिंह : एकच!

विमला : अंगणही एकच?

नृसिंह : शंभरदा एकच! कुनाला बी इचारा पेठंत.

विमला : ऐकलंस, दिलदार? अण्णा म्हणतात, अंगण एकच. मग मेढ बरोबर जागेवर रोवलीस तू. उगाच घाबरत होतास.

नृसिंह : मेढ? कुठाय मेढ?

विमला : डोळ्यांसमोर आहे. हळदीची. डहाळ्याखाली माझी दोरी बांधलीय बघा.

नृसिंह : ए... ए दिलद्या! हितं? हितं रोवलीस? अरे, लग्नाची मेढ, आनि एका इधव...

विमला : म्हणा की पुढं. थांबलात का?

नृसिंह : मला तसं म्हनायचं नव्हतं.

विमला : तसंच म्हणायचं होतं. शब्द चांगला आहे, अर्धा कशाला गिळताय? विधवेच्या दारात. मला त्याची लाज नाही, भावजी. मी काही चोरून झाले नाही विधवा.

नृसिंह : वैनी, आवाज बारीक. भटजी आत हाईत.

विमला : भटजींना बोलवा. अक्षता टाकायच्यात ना त्यांना? चहा ठेवते.

नृसिंह : दिलदार, काड ती मेढ. आत्ताच्या आत्ता! तिकडं रोव.

दिलदार : तिकडं पत्रे हाईत, अण्णा.

नृसिंह : पत्रे गेले उडत! काड म्हनतो न्हवं.

दिलदार : मी न्हाई हात लावनार. तुमच्याच पोरीचं लगीन हाय. उद्या काय इपरीत झालं तर म्हंशिला, दिलदारनं मेढ उपटली. माझा बाप कबरीतनं उठंल. तुमास्नी पायजे तर तुमी उपटा.

नृसिंह : मी?

दिलदार : जास्त खोल न्हाई. दोन हिसक्यांत येतीया.

नृसिंह : मी कसा उपटू, मी पोरीचा बाप हाय!

विमला : मग मी उपटते. माझं काय जायचंय? जायचं ते गेलंय.

नृसिंह : न्हाई! वैनी, तुमी लांब व्हा! हात लावू नका!

विमला : सकाळीही मी हात लावू नये म्हणूनच हाक मारली नव्हतीत. आत्ताही तेच म्हणताय. तुमच्या मेढीचं एक बरं आहे, काहीही झालं तरी हात माझाच वाईट.

दिलदार : अण्णा, बसा जरा भिंतीवर. घाम आलाय तुमास्नी. ही सावली बी पडली बगा आता कापडाची. मऊ हाय.

नृसिंह : आमच्यातल्या बाईला कळलं तर हातरूण धरंल ती.

विमला : जाऊबाईंना मी सांगते. त्यांना माझ्या हातची चटणी लागते, माझं बोलणं त्या ऐकतील. तुम्ही मला एक सांगा. त्यांनी मागितली होती गाडी?

नृसिंह : कुनी?

विमला : व्याह्यांनी. खरं सांगा, भावजी. मेढ ऐकतेय.

नृसिंह : तसं मागितली अशी... न्हाई.

विमला : मग?

नृसिंह : बोलनी झाली, च्या घेत बसलो हुतो स्टेशनावर. त्यो व्याही म्हनतोय, थोरल्या सुनंच्या भावानं राजदूत फटफटी दिली. नुस्तं सांगालता त्यो, मागत नव्हता. पर सांगताना मिशीवर हात फिरवला त्यानं. माझ्या डोक्यात गेला त्यो हात. मी म्हटलं, फटफटी काय घिऊन बसलाय पावणं, आमच्यात फियाट हाय, पोरीमागनं धाडतो. तोंडातनं निघून गेलं.

विमला : एका मिशीपायी माझी फियाट!

नृसिंह : आता शब्द गेला, वैनी. नरसू बोलला आनि फिरला म्हंजे उद्यमनगरात तोंड दावाय जागा न्हाई मला. तुमास्नी ते कळायचं न्हाई.

विमला : कळतं. शब्द तुमचा आहे, तुमचंच काहीतरी द्या. बावीस गेजाचा पत्रा द्या. शटर द्या. व्याह्यांच्या दारात शेड बांधून द्या, राजदूत ठेवायला होईल.

दिलदार : अरारारा.

नृसिंह : तू हसू नगंस! तुझ्यामुळं झालंय हे समदं.

विमला : त्याच्यामुळं नाही, तुमच्या पत्र्यांमुळं. मेढीची जागा अडवली कुणी? आणि भावजी, ती मंडळी मुलगी बघायला आली तेव्हा कशानं आली होती?

नृसिंह : रेल्वेनं. का?

विमला : येताना रेल्वेनं, जाताना रेल्वेनं. व्याह्यांच्या भावाची जीप आहे, तरी सगळं लटांबर रेल्वेनं. तुम्हाला काही वाटलं नाही?

नृसिंह : काय वाटायचं?

विमला : मुलाला गाडी लागते. जीप, टॅक्सी, काही चालत नाही. चार मैल झाले की डोकं खिडकीबाहेर.

नृसिंह : कोन म्हनतंय?

विमला : अंबू. त्यानंच सांगितलं तिला, रंकाळ्यावर. म्हणाला, तुझ्या बाबांनी फियाट देऊ केलीय, मला तर नुसत्या वासानं मळमळतं, आता नको कसं म्हणू?

नृसिंह : रंकाळ्यावर? कवा गेलती ही रंकाळ्यावर?

विमला : ते राहू दे. मुलगा चांगला आहे. खरं बोलतो, तेही लग्नाआधी.

नृसिंह : एकटी गेलती?

विमला : एकटी कशी जाईल? गाडीतून गेली होती.

नृसिंह : कुनाच्या गा... वैनी!

विमला : मी शेजारी बसले होते. चालवत ती होती.

नृसिंह : अंबू? आमची अंबू गाडी चालवती? कुनी शिकवली तिला?

दिलदार : मी न्हाई, अण्णा.

विमला : वळण छान घेते. रिव्हर्सला अजून मान वळवत नाही, आरशावर भरवसा ठेवते. बापावर गेलीय.

नृसिंह : ह्या घरात मला कुनी काय सांगतच न्हाई.

विमला : तुम्ही आधी विचारत जा, मग सांगू.

नृसिंह : बरं, व्याह्यांस्नी काय सांगू मी? पोराला वांत्या व्हत्यात म्हनून सांगू? चारचौघांत?

विमला : त्याचं नाव नाही घ्यायचं. गरीब आहे तो. माझं सांगा. म्हणा, वैनीनं साफ नाही म्हटलं, बाई फार वाकडी आहे. माझ्यावर घाला सगळं. मला सवय आहे, आणि ते खोटंही नाही.

नृसिंह : तसं म्हटलं तर लोक तुमास्नी नावं ठेवतील.

विमला : आता काय आरती ओवाळतात? एक मात्र करीन. पाठवणीच्या दिवशी अंबूला मी पोचवीन. हातकणंगल्यापर्यंत. हार घाला गाडीला, फुलं लावा, काय हौस आहे ती करा. ह्या मेढीखालून निघेल, चालवीन मी, आणि अंबूला तिच्या घरात सोडून गाडी घेऊन परत येईन. पुन्हा ह्याच कापडाखाली.

नृसिंह : वरातीची गाडी तुमी चालवनार?

विमला : नाही तर अंबू चालवेल. शालू नेसून. तुम्ही सांगा, कुठलं बरं दिसेल.

नृसिंह : तुमीच चालवा.

दिलदार : आनि नवरदेव?

विमला : त्याला खिडकीशी बसवा आणि हातात लिंबू द्या. नाही तर रेल्वेनं येऊ दे मागून.

नृसिंह : लोक काय म्हनतील, वैनी?

विमला : म्हणतील, बाई, जरा हळू, पुढं फाटक आहे.

दिलदार : अण्णा हसले बगा.

नृसिंह : हसतोय कोन? डोळ्यात काय तरी गेलं. ह्या अंगणात चटणी हाय समदीकडं.

विमला : आणि त्या दिवशी तो राखी कोट घाला, भावजी. आता त्यात कसर शोधत बसणार नाही मी. तुम्हाला बरा दिसतो. मागून तर ह्यांच्यासारखेच दिसता.

नृसिंह : बाही आखूड हुतीया.

विमला : द्या इकडं, सोडून देते. आत अजून दोन बोटं कापड आहे. मला माहीत आहे, मीच दुमडलं होतं.

नृसिंह : देतो. दिलदार, मांडव मग हितनंच धर. ह्या मेढीपासनं, भिंतीवरनं, माझ्या दारापतोर. पत्रे मी गडी लावून हलवतो.

दिलदार : म्हंजे घर एकच की, अण्णा. मी काय म्हनत हुतो?

नृसिंह : गप. आनि लगीन झालं की ह्या कापडाला ते वासे ठेवू नगंस. पावसात बुडातनं कुजत्यात, आनि कापड, खांब, समदं गाडीवर येतंय. काय सावली, काय सोंग! लोखंडी पायपा पायजेत. दोन इंची, तळाला सिमेंट, वर कडी. दोरी त्या कडीतनं वडायची. मी धाडतो उद्यमनगरातनं.

विमला : कुलूप धाडू नका त्याबरोबर.

नृसिंह : कापडाला कसलं कुलूप लावता, वैनी? चार पायपा धाडतो म्हनालोय नुस्त्या.

विमला : तीनच पाठवा, भावजी. चौथा खांब रोवलाय.